डाव्या पायापुढचा हिरवा रंग

मला झालेल्या आजाराचं नाव जीबीएस. पूर्ण नाव फ्रेंच आहे आणि ते नीट म्हणायला मला तीन आठवडे लागले. शिरीषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते अजून जमत नाही. तो ‘तुझं ते परदेशी दुखणं’ म्हणतो. शरीराची फौज चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडते, एवढं मला कळलं. बाकीचं इंटरनेटवर आहे, पण माझं ऐकाल तर ते एकट्याने वाचत बसू नका.

आमच्या मंडळातल्या एका काकूंच्या भावाला हेच निघालं. काकू म्हणाल्या, “वैशाली, तुझं कसं कसं झालं ते लिहून दे गं, त्याला वाचायला देते. तो घाबरलाय.” म्हणून लिहायला बसले. लिहिता लिहिता लक्षात आलं की आजारापेक्षा मी त्यात जे खोटं बोलले, ते सांगणं जास्त गरजेचं आहे. तेव्हा दादा, तुम्हाला ओळखत नसले तरी तुमच्यासाठी लिहितेय. आधी एवढंच सांगते की मी आज चालते.

मंगळागौर एफसी

वय चव्वेचाळीस, माहेर नागपूर, मुक्काम अमेरिकेतलं अल्फारेटा. नोकरी प्रोग्रॅम मॅनेजरची, म्हणजे दुसऱ्यांच्या कामाला रंग देण्याची. काम वेळेवर असेल तर हिरवा, अडखळत असेल तर पिवळा, बोंब असेल तर लाल. आमच्या धंद्यात वरून हिरव्या आणि आतून लाल रिपोर्टला टरबूज म्हणतात. शिरीष पुण्याचा, त्यामुळे तो ‘कलिंगड’ अशी दुरुस्ती करतो. करू दे.

आणि मी दर रविवारी सकाळी फुटबॉल खेळते. हसू नका. चार वर्षांपूर्वी ईराच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, प्रॅक्टिसला आम्ही आया फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून थर्मासातला चहा पीत बसायचो आणि तिथूनच ओरडायचो, “अगं पळ ना!” एक दिवस मुलींचा कोच कॅलम आमच्यापुढे येऊन उभा राहिला. म्हणाला, “पोरी पळतायत आणि तुम्ही बसून सूचना देताय. उठा सगळ्या.” उठलो बाप्पा! आठ-दहा जणी होतो, कोणी मराठी, कोणी तेलुगू, एक गुजराती. शिरीषने त्याच दिवशी टीमचं बारसं केलं, मंगळागौर एफसी.

कॅलम बासष्ट वर्षांचा आहे. स्कॉटलंडमध्ये तो सोळा वर्षं पोटासाठी फुटबॉल खेळला. मिडफिल्डर होता. ते काय असतं, आम्ही विचारलं. तो म्हणाला, “गोल मारणारे वेगळे, अडवणारे वेगळे. मधल्या माणसाने सगळ्यांकडून बॉल घ्यायचा, सगळ्यांना द्यायचा, आणि नाव मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही.” आमच्यातली लक्ष्मी म्हणाली, “म्हणजे घरातली थोरली सून.” हे इंग्रजीत समजावून सांगितलं तेव्हा तो गवतावर बसून हसला. त्या दिवसापासून मला त्याने मधेच खेळवलं. मी थोरली सून आहेच.

तो रविवार

जानेवारीतला रविवार होता. त्याआधी आठवडाभर पोट बिघडलं होतं, तेवढंच. बॉल माझ्याकडे आला आणि मी डावा पाय पुढे केला, पण पाय आलाच नाही. बॉल शेजारून निघून गेला. तळवे बधिर वाटत होते, जाड मोजे दोन-दोन घातल्यासारखे. मला वाटलं थंडी असेल. सोमवारी जिना चढताना कठडा धरावा लागला. मंगळवारी कमोडवरून उठता येईना. लाज वाटते लिहायला, पण तुमचंही असंच काही झालं असेल म्हणून लिहिते. शिरीषने मला काखेत हात घालून उचललं आणि तसंच गाडीत घातलं.

इमर्जन्सीत एका तरुण डॉक्टरने गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय उडाला नाही. त्याने पुन्हा मारली, मग दुसऱ्या गुडघ्यावर. मला डॉक्टरांचे चेहरे वाचता येत नाहीत, पण मीटिंगमध्ये वाईट बातमी घेऊन येणाऱ्या माणसाचा चेहरा मी वीस वर्षं वाचत आलेय. तो तसा शांत झाला. “तुम्हाला ॲडमिट व्हावं लागेल,” तो म्हणाला. मी विचारलं, “गुरुवारी आमचं नवं सॉफ्टवेअर बाहेर पडायचंय, त्याआधी घरी जाता येईल का?” शिरीषने कपाळावर हात मारून घेतला.

एका दमात

तिसऱ्या दिवशी हातही ढिले पडले. आता भीती होती श्वासाची. दर काही तासांनी नर्स यायची आणि एका दमात आकडे मोजायला सांगायची. जितके जास्त आकडे, तितकी छाती शाबूत. पहिल्या दिवशी मी अठ्ठावीसपर्यंत गेले, दुसऱ्या दिवशी एकवीस, तिसऱ्या दिवशी चौदा.

घाबरले की मी मराठीत मोजते, हे मला तेव्हा कळलं. रेनी नावाच्या नर्सला आधी वाटलं मला भ्रम झालाय. मग तीच माझ्याबरोबर शिकत गेली. चौदाच्या दिवशी मला आयसीयूत हलवलं. घशात नळी घालायची तयारी शेजारच्या ट्रेवर दिसत होती. मला मरायची भीती वाटली, अगदी साधी भीती. ईराचे केस मी गेल्या महिनाभरात एकदाही विंचरून दिले नाहीत, एवढंच सारखं मनात येत होतं. ती बारा वर्षांची आहे आणि स्वतःचे केस स्वतः विंचरते, तरीही.

नळी लागली नाही. औषधाच्या बाटल्या पाच दिवस चढत राहिल्या आणि आकडा पंधरा झाला, मग सतरा. एकोणीसला रेनीने “एकोनिस!” म्हणून टाळी वाजवली. तेवढा गोड मराठी शब्द मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

आईला सांगायचं नाही

हे ठरवायला आम्हाला दोन मिनिटंही लागली नाहीत. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, नागपुरात एकटी. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. तिला कळलं असतं तर तिने जेवण सोडलं असतं, नाहीतर मिळेल त्या विमानात चढली असती.

म्हणून मी सांगितलं, व्हायरल आहे, घसा बसलाय. पुढे सांगितलं, ऑफिसात फार काम आहे. व्हिडिओ कॉलवर फोन अगदी चेहऱ्याजवळ धरायचा, मागे पांढरी उशी, कपाळाला टिकली. ईरा टिकली लावून द्यायची आणि दर वेळी म्हणायची, “आई, धिस इज लायिंग.” मी म्हणायचे, “हे लायिंग नाही, काळजी आहे.”

आईचा व्हिडिओ कॉल म्हणजे निम्मा वेळ छताचा पंखा आणि उरलेला वेळ तिचं कपाळ. “आई, फोन खाली कर,” म्हटलं तर म्हणायची, “राहू दे नं, आवाज येतो नं?” मार्चपासून तिचे सकाळचे फुलांचे मेसेजही बंद झाले होते. त्याऐवजी ती बोलून पाठवायची. मला वाटलं, शिकली काहीतरी नवीन. मी कौतुकही केलं.

सात क्लब, सात फेऱ्या

फेब्रुवारीत मला चालायला शिकवणाऱ्या विभागात हलवलं. दोन लाकडी दांड्या, मधे मी, कमरेला पट्टा, आणि पट्टा धरून डेनिस. डेनिस माझी फिजिओथेरपिस्ट, आवाज शाळेच्या हेडबाईंसारखा.

बुधवारी दुपारी कॅलम यायचा. फुलं नाहीत, सहानुभूती नाही, खुर्ची ओढून बसायचा. पहिल्याच बुधवारी मी म्हणाले, “नुसता बघत बसू नकोस, काहीतरी बोल. तुझ्याबद्दलच सांग.” तो म्हणाला, “सात क्लब खेळलो. तू एक फेरी मार, मी एक क्लब सांगतो.” डेनिसला ही पद्धत फार आवडली.

पहिला क्लब समुद्रकाठच्या एका छोट्या गावचा. तो सतरा वर्षांचा होता, वडील मासळीबाजारात पेट्या उचलायचे. तिथे त्याने सहा महिने सीनियर खेळाडूंचे बूट घासले. मैदानाला असा उतार होता की दुसऱ्या हाफमध्ये बॉल आपोआप समुद्राकडे जायचा. चार मॅचनंतर प्रेक्षकांतून कोणीतरी पहिल्यांदा त्याचं नाव घेऊन ओरडलं, तेही शिवी देऊन. वडिलांना त्याचाही अभिमान वाटला. दुसरा क्लब मोठ्या शहरातला, एकविसाव्या वर्षी. वीस हजार माणसं त्याच्या चुकीवर एकदम सुस्कारा टाकायची. तो आवाज त्याला अजून झोपेत ऐकू येतो म्हणाला. मग पुढचे क्लब एकापेक्षा एक लहान. एका ठिकाणी मॅनेजरच प्रॅक्टिसला शिट्टी वाजवायचा आणि टीमची बसही चालवायचा. शेवटचा क्लब इथे अमेरिकेतला. तेहतिसाव्या वर्षी तो आला आणि दोन वर्षांत क्लबच बंद पडला. परत जायचं तिकीट काढायच्या आधी त्याला शेजारच्या मुलींची टीम शिकवायला मिळाली, आणि तो राहिलाच.

मी सवयीने खात्री करून घेणारी बाई. इंटरनेटवर त्याच्या नावाचं पान शोधलं. चार ओळी आणि एक तक्ता, कोणत्या वर्षी किती मॅच, किती गोल. सगळं जुळत होतं. पण दुसऱ्या क्लबच्या शेवटच्या वर्षापुढे शून्य होतं. मॅच शून्य, गोल शून्य.

“हे शून्य काय आहे?” मी विचारलं.

“त्यासाठी फेरी शिल्लक नाही,” तो म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

फ्रिजवरचा तक्ता

मार्चच्या सुरुवातीला घरी आले आणि लगेच तक्ता करून फ्रिजला लावला. हाताची पकड, चालणं, जिना, उजवा पाय, डावा पाय. दर शुक्रवारी रंग द्यायचे. सगळं पटापट हिरवं होत गेलं. फक्त डावं पाऊल वर उचललं जात नव्हतं. चालताना बोटं जमिनीला घासायची. डेनिसने पावलाला आधार देणारा प्लास्टिकचा ब्रेस दिला होता. तो घातला की बूट दोन नंबर मोठा लागायचा आणि आरशात मी मला म्हातारी दिसायचे.

मला घाई झाली होती. शिरीषची रजा संपत आली होती. रोज वरण-भात करून त्याचा जीव आंबला होता, आणि रोज वरण-भात खाऊन माझा. ईरा माझे केस धुऊन द्यायची. पहिल्या दिवशी मला त्याने रडू आलं, मग मी त्या वेळेची वाट बघायला लागले. पण आईने मुलीचे धुवायचे की मुलीने आईचे? मला सगळं जागच्या जागी हवं होतं.

म्हणून एका शुक्रवारी मी डाव्या पायापुढे हिरवा रंग दिला. डेनिसने फोनवर विचारलं तेव्हा सांगितलं, “फाइन आहे, ब्रेसशिवाय जिना जमतो.” शिरीषलाही तेच सांगितलं. ईरा फ्रिजसमोर उभी राहून म्हणाली, “आई, दॅट्स नॉट ग्रीन.” मी म्हटलं, “तू होमवर्क कर.”

सोमवारी शिरीष ऑफिसला गेला. मी धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन जिना उतरायला लागले, ब्रेस कपाटात ठेवून. चौथ्या पायरीवर डावी बोटं अडकली आणि उरलेल्या सगळ्या पायऱ्या मी बसून, आपटत उतरले. घोटा मोडला, तोही डावाच.

हॉस्पिटलमध्ये शिरीषने आधी सगळे फॉर्म भरून दिले. मग म्हणाला, “तू मला क्लायंटसारखं वागवलंस, वैशाली. घरातल्या माणसाला कोणी असला रिपोर्ट देतं का?” इतकी वर्षं संसार केला, पण त्याचे डोळे असे भरलेले मी पाहिले नव्हते. मी म्हणाले, “चुकलं.” तो म्हणाला, “चुकलंच.” आणि माझ्या पायाखालची उशी सारखी करत बसला.

शून्याची गोष्ट

बुधवारी कॅलम घरी आला. माझा प्लास्टरमधला पाय टेबलावर होता. मला वाटलं आता रागावणार. त्याने फ्रिजवरचा तक्ता नीट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, “आता ती फेरी सांगतो.”

तो पंचवीस वर्षांचा होता. मोठ्या शहरातला तो दुसरा क्लब कपच्या सेमीफायनलला पोहोचला होता. तीन आठवडे त्याचा गुडघा दुखत होता. गावाहून वडील आले होते, आयुष्यात पहिल्यांदा सूट घालून. मॅचआधी क्लबच्या फिजिओने दार लावून घेतलं आणि विचारलं, “खरं सांग, गुडघा कसा आहे?”

“मी म्हणालो, फाइन,” कॅलम म्हणाला. “एकच शब्द. सत्तर मिनिटं खेळलो आणि मग गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मलाच आला. एक वर्ष शून्य. परत उभा राहिलो तेव्हा पूर्वीचा वेग नव्हता. पुढचे पाच क्लब हे त्या एका शब्दाचे क्लब आहेत.”

“पस्तावतोस?” मी विचारलं.

“त्या पाच क्लबांचा नाही. तिथे मला माझी बायको भेटली, मित्र भेटले, आणि शिकवता येतं हे कळलं. मजेत आहे मी. पण त्या फिजिओचा मात्र अजून पस्तावा होतो. भला माणूस होता, मला वाचवण्यासाठीच विचारत होता. मी त्याला वाचवू दिलं नाही.”

तो गेल्यावर ईराला हाक मारली आणि लाल पेन मागितलं. डाव्या पायापुढचा हिरवा खोडून लाल केला. ईराने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी तिच्या डोक्यावरून फिरवते तसाच.

ब्रेसवाली बाई

दादा, त्यानंतरचे दिवस खरोखर चांगले गेले, हे तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. प्लास्टर निघालं. मी ब्रेस घालायला लागले, दोन नंबर मोठे बूट घेतले, तेही लालभडक. डेनिसने विचारल्यावर जे दुखतंय ते सांगायचं, जे जमत नाही ते जमत नाही म्हणायचं. गंमत म्हणजे तेव्हापासून पाय जास्त भराभर सुधारला, कारण तिला आता नेमकं काय करायचं ते कळत होतं. मंडळातल्या बायका डबे आणायच्या, आणि मी पहिल्यांदाच “कशाला उगाच” न म्हणता “उद्या थोडं तिखट आणा” म्हणायला शिकले.

जूनमध्ये मंगळागौर एफसीची उन्हाळ्याच्या सुट्टीआधीची शेवटची मॅच होती. मी पूर्ण ड्रेस घालून गेले. पाऊल आता थोडं उचललं जात होतं, ब्रेसशिवाय घरभर फिरत होते. दहा मिनिटं राहिली होती आणि आम्ही एका गोलने मागे होतो. लक्ष्मी दमून बाहेर आली. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, “वैशाली, येतेस?” बॉल लागल्याचा तो धप्प आवाज ऐकून माझा जीव नुसता तळमळत होता. कॅलम जवळ आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात विचारलं, “खरं सांग. पाय कसा आहे?”

फाइन हा शब्द अगदी ओठावर होता.

“पळताना बोटं अजून घासतात,” मी म्हणाले. “आज नाही.”

त्याने मान हलवली. दुसऱ्या कोणाला आत पाठवलं, मग फोल्डिंगची खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. आम्ही दोन गोलने हरलो. मी खुर्चीत बसून, थर्मासातला चहा पीत, जोरजोरात सूचना दिल्या.

घरी आलो तेव्हा नागपुरात संध्याकाळ होती. मी स्वयंपाकघरात बसून आईला व्हिडिओ कॉल लावला. नेहमीप्रमाणे पंखा दिसला.

“आई, मला तुला काही सांगायचंय,” मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. जानेवारी, हॉस्पिटल, मोडलेला घोटा, सगळं. पंखा फिरत राहिला. आई रडेल, रागावेल, अशी मनाची तयारी केली होती.

ती म्हणाली, “तरीच. सहा महिन्यांत तू एकदाही चालताना दिसली नाहीस. नेहमी आपली बसून राहिलेली. मी मंदाला म्हटलंसुद्धा.” मंदाकाकू म्हणजे तिची शेजारीण.

“रागावलीस?”

“कोणत्या तोंडाने रागावू बाप्पा?” आई म्हणाली. “मंदा, जरा फोन खाली कर गं.”

फोन खाली आला. फोन इतके दिवस मंदाकाकू धरत होत्या. आईचा उजवा हात मांडीवर होता, मनगट जरा वाकडं जुळलेलं, आणि मुठीत पिवळा रबरी बॉल. मार्चमध्ये ती न्हाणीघरात घसरली होती. सहा आठवडे प्लास्टर. माझ्या जिवाला घोर नको म्हणून तिने मंदाकाकूंना शपथ घातली होती.

मी रडले, तीही रडली, मग दोघी हसलो आणि पुन्हा रडलो. शिरीष भाजी चिरता चिरता थांबला. म्हणाला, “मायलेकी दोघी टरबूज.” कलिंगड म्हणाला नाही.

“तू मूठ दाबून दाखव,” मी म्हणाले.

आईने बॉल दाबला. बोटं पूर्ण मिटत नव्हती. “एवढीच मिटते,” ती म्हणाली. “आता तू चालून दाखव.”

मी फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला, ब्रेस न लपवता, साडेचार पावलं टाकत सिंकपासून फ्रिजपर्यंत गेले आणि परत आले. डावं पाऊल थोडं आपटत होतं, ते तिला ऐकूही गेलं असणार.

आई पुढे वाकून बघत होती.

“चांगली चालून राहिलीस की,” ती म्हणाली. “पुन्हा एकदा चाल.”

मी पुन्हा चालले.